पदवी कशासाठी? भोपाळला विचारा!

बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच खल सुरू होतो: मुलाने डॉक्टर व्हावे की इंजिनिअर? या दोन्ही वाटा बंद झाल्या म्हणजे मग उरलेल्या शाखांकडे नजर वळते. आणि त्यांतही पर्यावरणशास्त्राच्या पदवीचे नाव शेवटी, तेही काहीशा संकोचाने निघते. ‘झाडे लावायला पदवी कशाला हवी?’ असे म्हणून वडीलधारी मंडळी विषय मिटवून टाकतात. हा प्रश्न भोपाळला विचारावा, असे आमचे त्यांना नम्र सांगणे आहे. त्या शहराने या प्रश्नाचे उत्तर आपल्या माणसांच्या प्राणांचे मोल देऊन मिळविले आहे.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यात ई-६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि मिथिल आयसोसायनेट हे सुमारे ४० टन विष वायुरूपाने झोपलेल्या वस्त्यांवर पसरले. टाकी थंड राखणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा कामात नव्हता आणि वायू धुऊन काढणारी यंत्रणा त्या लोटापुढे तोकडी पडली. ओले फडके नाकातोंडावर धरावे, वारा वाहतो त्या दिशेने पळू नये, एवढी साधी गोष्टदेखील लोकांना कोणी आधी सांगितली नव्हती. मध्य प्रदेश सरकारने मृतांचा आकडा ३,७८७ दिला. बाधितांची संख्या पाच लाखांवर गेली.

हे अरिष्ट अकस्मात कोसळले काय? मुळीच नाही. राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने १९८२ पासूनच आपल्या हिंदी साप्ताहिकातून शहराला धोक्याची सूचना दिली होती. परंतु राज्यकर्त्यांनी ती मनावर घेतली नाही. एका पत्रकाराला रसायनशास्त्राची पुस्तके चाळून जे ताडता आले, ते मोजून, तपासून, सहीनिशी सरकारपुढे मांडणारा अधिकारी माणूस शहरापाशी असू नये, यातच सारे दुर्दैव साठविले आहे. पर्यावरणशास्त्राची पदवी असावी ती नेमकी अशी माणसे घडविण्यासाठी!

या पदवीत रसायन, जीवशास्त्र, भूगर्भ, संख्याशास्त्र आणि कायदा ही पाचही अंगे एकत्र यावी लागतात. विहिरीच्या पाण्याचा नमुना कसा घ्यावा, त्यातील विष किती हे कसे मोजावे आणि ते मोजमाप न्यायालयात टिकेल असे कसे नोंदवावे, हे तिचे खरे शिक्षण होय. मेहता खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला आणि पुढे सर्वच पदवीधरांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. हेतू उत्तम, पण पुष्कळ ठिकाणी त्याचे रूपांतर गाईड वाचून उत्तीर्ण होण्याच्या एका पेपरात झाले. त्या पेपरालाच हे शास्त्र समजणे म्हणजे प्रथमोपचाराच्या पेटीला इस्पितळ समजण्यासारखे आहे.

भोपाळला आज या विद्येच्या संस्थांचा तोटा नाही. बरकतुल्ला विद्यापीठात पर्यावरण आणि सरोवरविज्ञान यांचा विभाग आहे, आयसरमध्ये पृथ्वी व पर्यावरणविज्ञान शिकविले जाते आणि २००२ पासून रामसर यादीत असलेला भोज तलाव हीच मुळी एक विस्तीर्ण प्रयोगशाळा आहे. तरीही पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था त्या शहरात उभी राहिली ती २०१० साली, म्हणजे दुर्घटनेनंतर तब्बल २६ वर्षांनी. कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला जाळण्यात आला तो २०२५ साली. तेथील जनतेने कडाडून विरोध केला. तेव्हा आधी दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या. ताशी १३५, १८० आणि २७० किलो या वेगाने कचरा जाळून चिमणीच्या धुराचे मोजमाप घेतले गेले आणि मगच उरलेला कचरा भट्टीत गेला. भयभीत जनतेची समजूत भाषणांनी पडत नाही. तिला विश्वासार्ह आकडा हवा असतो, आणि तो देणारा मनुष्य महाविद्यालयातच तयार व्हावा लागतो. कारखान्याच्या आसपासचे भूजल तर अद्यापि दूषितच आहे.

भोपाळ दूर आहे, असे आमच्या वाचकांनी समजू नये. कोल्हापूर-इचलकरंजीचे सांडपाणी पोटात घेऊन पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे चिकोडी-अथणीच्या शिवारात येते. त्याचा नमुना घेणारा आपल्याच गावचा पदवीधर का असू नये?

सरकारकडे आमची मागणी स्पष्ट आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळांतील रिकामी पदे भरा आणि तेथे या शास्त्राच्या पदवीधरांना हक्काचे स्थान द्या. पदवी देऊन दार बंद ठेवणे ही तरुणांची वंचना आहे. आणि पालकांना आमचे सांगणे एवढेच की, मुलगा वा मुलगी आपण होऊन ही वाट धरू म्हणेल, तर तिला मोडता घालू नका. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी प्रयोगशाळा कशी आहे आणि विद्यार्थ्यांना नदी-नाल्यांवर, कारखान्यांच्या दाराशी नेतात की नाही, याची चौकशी अवश्य करा. वेळेवर ‘येथे धोका आहे’ असे पुराव्यानिशी सांगणारा एक मनुष्य गावात असणे, ही गावाची खरी तटबंदी होय!