पांढरीखालची पांढरी

जुन्या महसुली बोलीत गावाचे दोन भाग: पिकते ती काळी, राहते ती पांढरी. वस्तीची जमीन पांढरी पडते ती उगाच नाही. चुलीची राख, शेण, खचलेल्या भिंतींची माती असे थर पिढ्यानपिढ्या साचले की तो रंग येतो. त्रिं. ना. आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’त ज्या वतनदार-बलुतेदारांची झाडाझडती घेतली, ते सारे याच पांढरीवर नांदत होते. तिच्या पोटात काय आहे, हे मात्र तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे हे छोटे गाव आहे. 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि लाल अंगावर काळी नक्षी असलेली, चाकावर घडवलेली, तोटीची भांडी मिळाली. पुढे अशीच खापरे महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडू लागली आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला ‘जोर्वे’ हेच नाव पडले. जर्मनीत ऱ्योसेन नावाच्या खेड्याचे असेच झाले. युरोपातल्या एका नवाश्मयुगीन संस्कृतीला त्याचे नाव मिळाले, खेडे मात्र लॉयना या कारखान्यांच्या शहरात विरून गेले. जोर्वे निदान अजून जागेवर आहे.

दायमाबाद तसे नाही. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर असलेले हे स्थळ आज ओसाड आहे. महसुली दप्तर अशा गावाला बेचिराख म्हणते, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. 1958 मध्ये या जागेचा शोध लागला. 1974 मध्ये एकजण झाडाच्या मुळाशी खणत असताना ब्राँझच्या चार मूर्ती वर आल्या: बैलजोडीचा रथ आणि त्यावर उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. त्यांच्या वयाबद्दल पुरातत्त्वज्ञांत वाद झाले. मला त्या वादापेक्षा गेंड्याचे नवल वाटते. आज उसाने वेढलेल्या या खोऱ्यात गेंडा कोणाच्या ओळखीचा होता?

इथले लोक सातू, मसूर, हुलगा पिकवत. अकाली गेलेल्या लेकराला दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून, त्यांत घालून घराच्या जमिनीखालीच पुरत. जे पांढरीचे, ते पांढरीतच. इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास प्रवरा-गोदावरीकाठच्या या वस्त्या उठल्या. पाऊस आटला हे त्याचे एक कारण मानतात. भीमेच्या खोऱ्यातले इनामगाव तग धरून राहिले, तेही आणखी तीनेकशे वर्षेच. उठलेल्या वस्त्यांपैकी प्रवरेकाठचे नेवासे पुढे सातवाहनकाळात पुन्हा वसले. तिथे रोमन मद्यकुंभांची खापरेही मिळाली, आणि त्याच गावात 1290 साली ज्ञानेश्वरी झाली. आपण नेवासे सांगतो ते तिथपासून. त्याच्या खालची अडीच हजार वर्षे कोणाच्या भाषणात येत नाहीत.

1926 मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, 1950 मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पाण्याने या खोऱ्याचे रूप पालटले. जिथून पाण्यावाचून माणसे उठली, तिथे ऊस आला. या कर्तबगारीचा अभिमान हवाच. पण काळी वाढली तशी पांढरी घटली. धाब्याच्या घरावर टाकायला, शेतात खत म्हणून पसरायला तिचीच माती लोक नेत आले. पूर्वी ती गाडीने जायची, आता जेसीबी लागला. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण पांढरीला सरकारी मोल फक्त गौण खनिजाचे. जिल्ह्याचे नाव काय असावे यावर आपण वर्षानुवर्षे भांडलो, 2024 मध्ये ते बदललेही. पण ग्रामपंचायतीच्या दप्तरात जुन्या पांढरीची साधी नोंद असावी, अशी मागणी घेऊन कोणी मोर्चा काढला नाही.

खरे तर काम फार मोठे नाही. टेकाडाचा गट नंबर, चतुःसीमा आणि खणण्याआधी पुरातत्त्व खात्याला एक पत्र, एवढ्यावरही पुष्कळ वाचेल. तोवर ट्रॉलीतून सांडलेली खापरे बांधावर पडून असतात. जोर्व्याचे खापर पक्के भाजलेले असते. टिचकी मारली तर धातूसारखे खणकन वाजते.