औषध सहा महिने कशासाठी?

नगर रस्त्यावरील वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच इमारती उभ्या राहिल्या असल्या, तरी दगडखाणींचे गाव ही तिची जुनी ओळख पुसलेली नाही. दगडाची धूळ, दाटीची खोपटी आणि अपुरे अन्न ही क्षयरोगाला आयती आमंत्रणेच होत. खाणीवरचा रुग्ण दोन महिन्यांत खोकला थांबताच औषध सोडून कामावर परततो, तेव्हा त्याला बेफिकीर ठरवून सुशिक्षित समाज मोकळा होतो. बरे वाटत असताना आणखी चार महिने औषध कशासाठी, हा त्याचा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर जंतूंच्या स्वभावात दडलेले आहे.

१९४४ साली डब्लिन येथील जोसेफ बिगर यांनी जखमा पुवाळविणाऱ्या जंतूंवर पेनिसिलिनचा प्रयोग केला. दहा लाखांत एखादाच जंतू बचावला. आश्चर्य असे की, बचावलेल्यांची पुढील प्रजा त्याच औषधाने पूर्वीइतकीच सहज मेली. म्हणजे वंश बदलला नव्हता. ते जंतू त्या वेळेपुरते निराळ्या अवस्थेत होते.

एकाच वंशाच्या जंतूंत हा भेद यावा कसा? जनुक म्हणजे प्रथिन घडविण्याचा आराखडा. तो केव्हा व किती कामाला लागेल, हे पेशीतील मोजक्या रेणूंच्या गाठीभेटींवर ठरते आणि त्यांत यदृच्छेचा वाटा मोठा असतो. २००२ साली मायकेल एलोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ई. कोलाय या जंतूत एकाच नियंत्रणाखाली दोन रंगांची चमकणारी प्रथिने बसविली. सारे जंतू एकाच छटेचे दिसावयास हवे होते. प्रत्यक्षात कोणी एका रंगाकडे झुकला, कोणी दुसऱ्या. २०१३ साली क्षयजंतूच्या एका निरुपद्रवी भाईबंदावर असेच संशोधन झाले. आयसोनियाझिड हे क्षयावरील औषध जंतूच्याच एका विकरामुळे प्रभावी होते. ते विकर जंतूत अधूनमधून, अनियमितपणे निर्माण होते. ज्यांच्यात ते क्वचितच निर्माण झाले, ते जंतू अधिक काळ तगले.

रुग्णाच्या फुप्फुसात जंतू टिकून राहण्याची इतरही कारणे असतात. तथापि बहुसंख्य जंतू लवकर मरतात व थोडे चिवटपणे उरतात, हे निश्चित. पुढचे महिने या उरलेल्यांसाठी असतात. औषध मध्येच तुटले, तर ते पुन्हा वाढतात आणि त्यांतून औषधाला न जुमानणारे वंश निपजण्याचा धोका असतो.

म्हणूनच औषध विनामूल्य पुरविल्याने कर्तव्य संपत नाही. क्षयरुग्णाच्या पोषणासाठीचे शासकीय साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० रुपयांवरून १००० रुपये झाले, हे स्वागतार्ह आहे. पण बुडालेला रोज त्यातून भरून येत नाही. उपचाराच्या काळात मजुराचे काम सुरक्षित राहणे, गाव बदलल्यास औषध त्याच्यामागे पोहोचणे आणि सहा महिन्यांचे कारण त्याला त्याच्या भाषेत सांगितले जाणे, एवढे तरी झाले पाहिजे. त्यानंतरच त्याच्या बेफिकिरीबद्दल बोलण्याचा अधिकार कोणाला पोहोचेल.