ओठांवरची सुई



गेल्या उन्हाळ्यात लेस्टरमधील आमच्या परिचयाच्या एका घरी मेंदीची तयारी चालली असता, नवऱ्या मुलीने एका ब्यूटी पार्लरच्या मागील खोलीत ओठांत ‘फिलर’ टोचून घेतले. रात्री ओठ ठणकू लागला. “थोडी सूज यायचीच,” असे फोनवर उत्तर मिळाले. ओठ पांढरा पडलेला दिसेना, म्हणून घरची मंडळीही निर्धास्त झाली. चूक झाली ती येथेच.

हे द्रव्य बहुधा हायलुरॉनिक आम्ल असते. कार्ल मेयर व जॉन पामर यांनी १९३४ साली ते गुरांच्या डोळ्यांतून प्रथम वेगळे केले. आपल्या त्वचेतही ते असतेच. परंतु ते सुईवाटे रक्तवाहिनीत शिरले, तर पुढील त्वचेचा रक्तपुरवठा तुटून ती मरू लागते. क्वचित दृष्टीही जाते. गोऱ्या त्वचेवर आधी पांढुरकेपणा, मग जाळीसारखे निळसर ठसे उमटतात. आपल्या सावळ्या वर्णावर ते चटकन दिसत नाहीत. यास्तव बोटाने दाबून सोडावे. रंग परतण्यास दोन-तीन सेकंदांहून अधिक लागले, वा वेदना वाढतच राहिली, तर टोचणाऱ्यास कळवावेच. पण सकाळची वाट न पाहता रॉयल इन्फर्मरीचा तातडीचा विभाग गाठावा. हायलुरॉनिडेज नावाचे औषध हे द्रव्य विरघळविते, मात्र ते वेळेवर मिळावयास हवे. या देशात ते डॉक्टरी चिठ्ठीवाचून मिळत नाही. तेव्हा ते जवळ आहे काय, आणि ते देणारा कोण, हे सुई टोचण्यापूर्वीच विचारावे.

१ ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालील मुलांना सौंदर्यासाठी असे फिलर टोचण्यास कायद्याने बंदी आहे. मोठ्यांचे काय? फिलर घेणाऱ्यास बॉलपेन किंवा दातांचा ब्रश विकत घेणाऱ्याहून अधिक संरक्षण नाही, असे सर ब्रूस कीओ यांच्या अहवालाने २०१३ सालीच नमूद केले होते. (वह्या तपासण्यात हयात गेलेल्या आम्हांस ती बॉलपेनची उपमा फार झोंबली.) परवाना पद्धती आणण्याचा अधिकार सरकारला २०२२ च्या कायद्याने मिळाला, पण अधिकार आणि अंमल यांत बरेच अंतर असते.

त्या मुलीवर उपचार झाले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. ओठ वाचला, वर डाळीएवढा काळसर डाग राहिला. मेंदीच्या छायाचित्रांत तिने रंगलेले हात चेहऱ्यापुढे धरले आहेत.