गुस्साडीला दहापैकी किती?

शिगम्याच्या मिरवणुका संपल्या की दरवर्षी आपल्याकडे एक वाद रंगतो. अमक्या पथकाला पहिले बक्षीस का, तमक्याला तिसरे का, परीक्षक कुणाचा मेव्हणा होता... चार दिवस चहाच्या टेबलावर हा वाद चघळला जातो आणि मग पुढच्या शिगम्यापर्यंत सगळे गार. मला या वादात रस नाही. माझे भांडण परीक्षकाच्या हातात दिल्या जाणाऱ्या त्या कागदाशी आहे. वेशभूषा १०, एकसूत्रता १०, ताल १०, सादरीकरण १०, वेळेचे भान १०. लोककलेचा हा ताळेबंद मांडायला कुणी सांगितले होते? स्पष्टच लिहितो, हा कागद आपल्या लोककलेचा जीव घेतो आहे. तोही अगदी सभ्यपणे, पेन हातात घेऊन!

गोव्यातले उदाहरण दिले की लगेच गावांची नावे निघतात आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. म्हणून जरा लांबचे उदाहरण घेतो. पैनगंगेच्या पलीकडे, तेलंगणात आदिलाबाद जिल्हा आहे. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरला खेटून असलेला हा मुलूख. तिथल्या बाजारात मराठी सर्रास ऐकू येते. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले, पण राजगोंडांची दिवाळी काही त्या नकाशाप्रमाणे चालत नाही. दिवाळीच्या आधीच्या दिवसांत गावोगावची दंडारी पथके निघतात आणि एका गावचे पथक दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जाते. यजमान गाव त्यांना सामोरे जाते, जेवू घालते. रात्रभर नाच होतो. सोयरिकीची बोलणीही तिथेच निघतात. (आपल्या विदर्भातली दंडार आठवली ना? नावाचे नाते उघड आहे.)

या दंडारीत गुस्साडी असतात. डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडे, हातात दांडा. वाद्यांत डफ आणि पिपाणी, शिवाय नावानेच आपल्या घुमटाची आठवण करून देणारा गुमेला. गुस्साडी नाचतो, मधेच थांबतो, कुणाची तरी थट्टा करतो, पोरांना घाबरवतो, पुन्हा नाचतो. बाकीची रांग एका ठेक्यात, हा मात्र त्या ठेक्याच्या कडेकडेने. पण ज्याने हा टोप घातला त्याच्यावर व्रत असते. ते संपेपर्यंत आंघोळ नाही. त्याच्या अंगात देव आहे असे लोक मानतात आणि त्याच्या दांड्याचा स्पर्श झाला तर दुखणे जाते अशी श्रद्धा आहे.

आता याला गुण द्या!

वेशभूषेला किती? राख नीट फासलेली नाही, दोन कापा. एकसूत्रता? गुस्साडी रांगेत नाचत नाही, पाच कापा. वेळेचे भान? तो रात्रभर नाचतो, शून्य. आणि अंगात आलेल्या देवाला कुठल्या रकान्यात बसवायचे? 'सादरीकरण'?

मला हसू येते, पण ही नुसती थट्टा नाही. मार्लवाई गावच्या कनक राजूंनी आयुष्यभर हा नाच केला आणि शिकवला. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यात त्यांनी गुस्साडी नेला. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळी तोंडावर असताना ते गेले. मार्लवाई म्हणजे तेच गाव, जिथे १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ राहिले आणि राजगोंडांवर लिहिले. त्या अभ्यासकाने वर्णन केले, प्रश्न विचारले, अर्थ लावला. गुण दिले नाहीत. जाणकार आणि परीक्षक यांच्यातला फरक एवढाच आहे.

हा तिढा फक्त आपल्या मांडावरचा आहे असे मात्र समजू नका. बर्फावरही तोच आहे. पुरुषांच्या फिगर स्केटिंगमध्ये पूर्वी परीक्षक ६ पैकी दोन गुण देत, एक तंत्राचा आणि एक कलेचा. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत परीक्षकांच्या संगनमताचे प्रकरण उघडकीस आले आणि शेवटी दोन जोड्यांना सुवर्णपदक द्यावे लागले. मग २००४ मध्ये नवी पद्धत स्वीकारली गेली. प्रत्येक उडीला ठरलेले मोल, प्रत्येक गिरकीची मोजणी, आणि कलेसाठी वेगळे पाच घटक. सगळे कसे शास्त्रशुद्ध!

पुढे काय झाले? २०१० मध्ये व्हँकुव्हरला अमेरिकेच्या इव्हान लायसाचेकने हवेत चार गिरक्या घेणारी एकही उडी न मारता सुवर्णपदक जिंकले. रशियाच्या प्लुशेंकोने तशी उडी मारली होती, तो १.३१ गुणांनी हरला. केवढा गदारोळ झाला! अर्धे जग म्हणाले, कला जिंकली. अर्धे म्हणाले, खेळ मेला. त्यानंतर या उड्यांचे मोल वाढवण्यात आले आणि आठच वर्षांत, २०१८ मध्ये, नेथन चेनने एकाच कार्यक्रमात अशा सहा उड्या मारल्या. मुले तेच शिकतात ज्याचे गुण मिळतात. यात मुलांचा काय दोष?

यातली खरी ग्यानबाची मेख सांगतो. कलेच्या रकान्याला कमाल मर्यादा आहे, तंत्राच्या रकान्याला नाही. कलेत कुणी कितीही थोर असला तरी एका रेषेपलीकडे त्याला गुण मिळूच शकत नाहीत. उड्या मात्र अधिकाधिक अवघड करता येतात, दर उडीमागे बेरीज फुगवता येते. २०२२ मध्ये कलेचे पाच घटक कमी करून तीन केले. म्हणजे जे मोजता येते ते वाढत जाते आणि जे मोजता येत नाही ते रकान्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसते.

तरी स्केटिंग हा खेळ आहे. खेळात विजेता ठरवावाच लागतो, त्यांची अडचण मी समजू शकतो. पण धालोत कोण जिंकते? जागरात कोण हरते? घोडेमोडणीचा उपविजेता कोण? मांडावर दिवा लावून, नारळ ठेवून, गाऱ्हाणे घालून जी गोष्ट सुरू होते तिला आपण सात मिनिटांच्या घंटेवर आणून ठेवली आहे. परिणाम डोळ्यांसमोर आहेत. फुगडीच्या बायका एकाच रंगाच्या साड्यांत, एकाच कोनात हात वर करून, प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहतात. अहो, फुगडीत तोंड एकमेकींकडे असते! समोरचीला पाहून हसायचे, तिला दमवायचे, तिच्या गाण्याला उत्तर द्यायचे, ती फुगडी. पण परीक्षक समोर बसतो ना!

मी स्वतः एकदा परीक्षकाच्या खुर्चीत बसलो आहे. कुठे ते सांगत नाही. एका पथकात म्हातारा घुमटवादक होता. मधेच त्याने लय जरा मागे ओढली आणि अख्खे पथक त्याच्या मागून गेले. अंगावर काटा आला. शेजारच्या परीक्षकाने तेवढ्यात लिहून टाकले, 'ताल सांभाळला नाही'. कागदाच्या हिशेबाने त्याचे बरोबरच होते. म्हणूनच म्हणतो, दोष त्याचा नाही, कागदाचा आहे.

यावर उत्तर ठरलेले असते. रकाने नसले तर वशिला चालेल! गोवा केवढासा, सगळेच एकमेकांचे. हा आक्षेप खरा आहे, उडवून लावण्यासारखा नाही. पण रकान्यांनी वशिला थांबतो का? तो 'सादरीकरण १०' मध्ये जाऊन आरामात बसतो. बर्फावरच्या लोकांनी तर २००२ नंतर परीक्षकांची नावेच झाकली होती. कुणी किती गुण दिले ते कळू नये, म्हणजे दबाव येणार नाही, असा युक्तिवाद होता. २०१६ मध्ये त्यांनाच तो पडदा काढावा लागला. वशिल्यावर औषध एकच, बोलणाऱ्याचे नाव आणि त्याचे कारण सगळ्यांसमोर येणे.

दुसरे म्हणतील, स्पर्धा आहे म्हणून तर पोरे घुमट हातात धरतात. खरे आहे. पण पोरांना ओढते ती संधी, मानधन, गावाचे नाव आणि समोर बसलेली माणसे. क्रमांक हा त्यातला सर्वांत लहान भाग. आदिलाबादकडे दंडारी पथकांना सरकारने दिवाळीसाठी मदत दिली आहे. ती पहिला, दुसरा, तिसरा पाहून नाही, पथक म्हणून.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. विधीतून आलेल्या लोककलांना क्रमांक देणे बंद करा. बक्षिसाची रक्कम येणाऱ्या प्रत्येक पथकाला वाटा. परीक्षक हवेच असतील तर ज्यांच्या हातांना घुमटाचे घट्टे आहेत अशांना बसवा आणि त्यांना आकडे लिहायला लावू नका, माइक द्या. या पथकाचे काय आवडले, काय खटकले, ते त्यांनी सर्वांसमोर, आपल्या नावानिशी सांगावे. पथकातली पोरे त्यातून जे शिकतील ते दहापैकी साडेसात या आकड्यातून कधीच शिकणार नाहीत.

आणि ज्यांना हे अव्यवहार्य वाटते त्यांना एकच विचारतो. दंडारीत पाहुण्या गावाच्या नाचाची पारख यजमान गाव करतेच की. कसा करते? रात्रभर बसून, जेवू घालून, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा बोलावून. याहून कडक परीक्षक मला तरी माहीत नाही.