आकडा खरा, पण कोणत्या आट्यांचा?

घरी विमान जोडणाऱ्यांत बोल्टच्या आवळणीविषयी दोन मते घट्ट रुजलेली आहेत. एक पक्ष म्हणतो, हात बसलेला असला की टॉर्क पान्याची गरज नाही. बोल्ट बसला की हाताला कळते. दुसरा पक्ष म्हणतो, तक्त्यात आकडा छापलेला आहे, पान्यावर तो लावा, ‘कट्’ आवाज आला की पुढच्या बोल्टकडे वळा. पहिला पक्ष जुन्या मिस्त्रींचा, दुसरा नव्या शिकलेल्यांचा, आणि दोघे एकमेकांना तुच्छ लेखतात. माझ्या मते दोघांची चूक एकच आहे. आवळणे हे साधन आहे आणि साध्य निराळे आहे, हे दोघेही विसरतात.

हा वाद कुठेही घातला तरी चालेल, पण तो आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्लायगोला नेऊन ठेवला की त्यातले मर्म लवकर उघडे पडते. स्लायगोचा विमानतळ शहराबाहेर स्ट्रँडहिलला आहे. एका अंगाला नॉकनरे डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट अटलांटिक. नियमित प्रवासी विमाने २०११ मध्ये थांबली. आता तिथे तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरे असतात आणि लहान विमाने असतात. घरी बांधलेल्या विमानाला युरोपीय महासंघाच्या २०१८ च्या नियमाने सामाईक चौकटीबाहेर ठेवले आहे. अट अशी की निर्मितीचे आणि जोडणीचे किमान ५१ टक्के काम हौशी माणसाने स्वतःच्या वापरासाठी, धंद्याच्या हेतूशिवाय केलेले असावे. आयर्लंडात अशा विमानांच्या तपासणीचे काम आयरिश लाइट एव्हिएशन सोसायटी पाहते. तपासनीस येतो, बघतो, शंका विचारतो. पण प्रत्येक बोल्ट आवळला जात असताना तो शेजारी उभा नसतो. तिथे माणूस, पाना आणि निर्णय एवढेच असतात.

आधी हाताचा दावा पाहू. बोल्ट आवळतो म्हणजे आपण तो ताणतो. पोलादी बोल्ट ही फार कडक स्प्रिंग आहे. नट फिरवला की ती किंचित लांबते आणि लांबलेली स्प्रिंग दोन्ही पत्रे एकमेकांवर दाबून धरते. हा दाब पुरेसा असेल तर पंखावरचा बदलता भार बराचसा पत्र्यांच्या जोडातून जातो, बोल्टच्या वाट्याला त्याचा थोडाच भाग येतो, आणि हजारो वेळा हलूनही बोल्ट थकत नाही. दाब कमी पडला तर प्रत्येक हेलकावा बोल्टला सोसावा लागतो. म्हणजे हवा आहे तो ताण. आता हाताला काय कळते? लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा जोर नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, आणखी सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात. बोल्ट ताणायला उरतो तो दहावा हिस्सा. हाताला जे जाणवते ते जवळजवळ सगळे घर्षणच असते. आटे खरबरीत असले की बोल्ट ‘बसला’ असे वाटते आणि ताण मात्र आलेला नसतो. शिवाय हात कशावर बसला आहे तेही पाहावे लागते. ३/१६ इंच जाडीच्या एएन-३ बोल्टला तक्ता २० ते २५ इंच-पाउंड सांगतो, म्हणजे २.३ ते २.८ न्यूटन-मीटर. १५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाशी हा जोर दीड ते दोन किलोचा होतो. मोटारीच्या चाकाचे नट आवळून तयार झालेल्या हाताला हा जोर म्हणजे नुसता स्पर्श वाटेल. स्लायगोत साचे आणि अवजारे बनवणाऱ्या अचूक कारागिरीचा मोठा व्यवसाय आहे. तिथला कोणताही साचेकार व्यास डोळ्याने ठरवत नाही, मायक्रोमीटर लावतो, आणि तसे करताना त्याच्या हाताचा मान कमी होत नाही. मग टॉर्कच्या बाबतीतच मोजणे हे नवशिक्याचे लक्षण का मानायचे?

हातवाल्यांचा पाडाव सोपा आहे. तक्तेवाल्यांशी जास्त वेळ भांडावे लागते, कारण त्यांची बाजू अर्धी खरी आहे. अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाच्या ४३.१३-१बी या १९९८ च्या मार्गदर्शिकेतला तक्ता जगभरचे हौशी बांधणारे वापरतात. त्यात पाव इंची बारीक आट्याच्या बोल्टला ताण घेणाऱ्या नटासह ५० ते ७० इंच-पाउंड दिले आहेत, कातरभार घेणाऱ्या पातळ नटासह ३० ते ४०. पण हा आकडा तेलविरहित, कॅडमियमचा मुलामा दिलेल्या आट्यांसाठी आहे. आणि अडकून राहणारा नट वापरला तर त्या नटाचा स्वतःचा अटकाव मोजून तो आकड्यात मिळवायचा आहे. ही दुसरी अट सर्रास गाळली जाते. नायलॉनच्या कड्याचा नट मोकळ्या आट्यावरही सहज फिरत नाही. त्याला फिरवायलाच जोर लागतो. सैनिकी मानकाने एएन-३ च्या मापाच्या नव्या नटाला १८ इंच-पाउंडापर्यंत अटकाव असण्याची मुभा दिली आहे. असा एखादा कडक नट हाती आला आणि पाना २२ वर लावून ‘कट्’ ऐकला, तर ताण निर्माण करायला उरले अवघे चार. पान्याने खोटे सांगितले नाही, तक्ताही खोटा नाही, आणि तरीही जोड सैल आहे. उलट वापरलेल्या नटाचा अटकाव ठरलेल्या किमान मर्यादेखाली गेला असेल तर तो नट फेकून द्यायचा, हेही त्या मार्गदर्शिकेत आहे. म्हणजे अटकाव मोजल्यावाचून नट चांगला की वाईट हेसुद्धा कळत नाही.

मोजणारे अवजार फक्त जोर मोजते, आपण काय आवळतो आहोत ते त्याला ठाऊक नसते. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या वन-इलेव्हन विमानाची पुढची काच उड्डाणात निखळली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला; सुदैवाने तो वाचला. काच नुकतीच बदललेली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ हवे त्यापेक्षा बारीक निघाले, कारण ते जुन्या बोल्टांशी डोळ्यांनी ताडून निवडले होते. आवळताना टॉर्क मर्यादित करणारे अवजार हातात होते.

आता स्ट्रँडहिलचा खारा वारा. तक्तेवाल्यांना तिथे मिळणारा आक्षेप खरोखर वजनदार आहे: अशा हवेत कोरडे आटे ठेवायचे म्हणजे गंज ओढवून घ्यायचा, तेव्हा ग्रीस लावणे भागच आहे. गंजाची भीती खरी आहे. पण ग्रीस लागले की घर्षण उतरते आणि त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो. पाव इंची बोल्टला ६० इंच-पाउंडावर कोरड्या आट्यांत अंदाजे दीड हजार पाउंड ताण येत असेल, तर ग्रीस लावलेल्या आट्यांत तो दोन हजारांच्या आसपास किंवा वर जाऊ शकतो. म्हणून वंगण हवेच असेल तर बोल्टच्या दांड्याला आणि भोकाला लावा, आटे कोरडे ठेवा, जोड आवळून झाल्यावर उघड्या भागावर गंजरोधक लेप द्या. आणि आट्यांनाच लावायचे असेल तर विमानाच्या किंवा इंजिनाच्या रचनाकाराने ओल्या आट्यांसाठी दिलेला आकडा घ्या. स्वतःच्या मनाने पंधरा-वीस टक्के कमी करणे हा त्यावरचा तोडगा नव्हे. प्रत्येक ग्रीसचे घर्षण निराळे.

यावर चतुर वाचक म्हणेल, हा बोल्ट तर चार हजार पाउंडावर तुटतो, मग दोन हजारांनी काय बिघडले? पाव इंची एएन बोल्टची ताणशक्ती ४,०८० पाउंड आहे, हे बरोबर. तक्ता मुद्दाम सावध आहे, आणि पोलाद पोलादावर असेल तर ग्रीसच्या एका चुकीने बोल्ट तुटणार नाही, हे मी मान्य करतो. पण जोडात बोल्ट एकटा नसतो. खाली पातळ अ‍ॅल्युमिनियम असते, पोकळ नळी असते, आणि जोडेलसारख्या विमानात लाकूड असते. लाकडाच्या तंतूंना आडवा दाब किती सोसतो यावर तिथली मर्यादा ठरते. म्हणूनच तिथे मोठे रुंद वॉशर घालतात आणि पोलादाचा तक्ता बाजूला ठेवून नकाशावरचा आकडा पाळतात. लाकडी पंख्याचे तर आणखी अवघड. अटलांटिकच्या दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या दिवसांत आटते, आणि बोल्टला कुणी हात न लावताही त्याचा ताण बदलतो. पंख्याचे बोल्ट ऋतू पालटला की पुन्हा तपासायचे असतात ते यामुळे. आणि सगळेच बोल्ट ताणायचे नसतात. नियंत्रणदांड्याचा सांधा ज्या बोल्टवर फिरतो तिथे खाचांचा नट आणि कॉटर पिन असते. तो तक्त्यानुसार आवळला तर सांधाच आखडतो. कोणता आकडा लावायचा याच्या आधी इथे आकडा लागतो का, हे विचारावे लागते.

एक आक्षेप इतिहासाचा घेतला जातो. बेलफास्टजवळ लिलियन ब्लँडने १९१० मध्ये स्वतः बांधलेले विमान उडवले; पेट्रोलची टाकी वेळेवर आली नाही म्हणून तिने व्हिस्कीची बाटली आणि आत्याचा कर्णा वापरला. तिच्याकडे कुठला टॉर्क पाना? नव्हताच. पण ते विमान जमिनीपासून थोडे उंच, थोड्या अंतरापर्यंत गेले. शेकडो तासांचा कंप त्याच्या जोडांना सोसावा लागला नाही. धाडसाचा दाखला म्हणून ती आदरणीय आहे, आवळणीचा पुरावा म्हणून तिला उभे करणे तिच्यावरच अन्याय. आपल्याकडेही कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी विमान २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. चर्चा झाली ती जिद्दीची आणि परवानगीच्या खेट्यांची. जोडणीच्या नोंदवहीबद्दल कोणी विचारल्याचे फारसे ऐकू आले नाही.

ती नोंदवही हाच माझ्या मंडनाचा गाभा आहे. योग्य टॉर्क म्हणजे रचनाकाराचा आकडा. तो नसेल तिथेच तक्त्याचा, तोही नटाच्या अटकावासह, आट्यांची स्थिती ठरवून, नट फिरवून, बोल्टचे डोके फिरवून नव्हे. आवळल्यावर नटावर रंगाची रेघ ओढतात, ती चांगलीच. पण नट नंतर हलला का एवढेच ती सांगते, आवळताना काय केले ते सांगत नाही. ते कागदच सांगतो. तपासनिसाला ‘टॉर्क केले’ एवढे टिपण वाचायला देणे म्हणजे काहीच न देणे. त्याच्यापुढे असे असावे: पाव इंची बोल्ट, नवा नट, अटकाव ८, तक्ता ६०, पाना ६८, आटे कोरडे, तारीख, सही.