ज्ञानाची मालकी आणि देशांची गरिबी

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर रसायनी हे स्थानक लागते. 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीने या परिसरात कारखाना उभारला. रंग व औषधे यांना लागणारी मूलभूत रसायने देशातच तयार व्हावीत, हा त्यामागचा हेतू होता. देशादेशांतील आर्थिक विषमतेची चर्चा कार्यकर्त्यांनी या स्थानकापासून सुरू करावी, असे आम्हांस वाटते.

श्रीमंत देश केवळ माल विकत नाहीत; माल घडविण्याची विद्या पेटंटच्या कुलपात ठेवून तिचे भाडेही वसूल करतात. 1970 च्या पेटंट कायद्याने आपण औषधांपुरते हे कुलूप सैल केले. पेटंट औषधावर नव्हे, ते तयार करण्याच्या पद्धतीवर मिळू लागले. परिणाम काय झाला? रसायनीलगत पाताळगंगेला जिचा एक कारखाना आहे, त्या सिप्ला कंपनीने 2001 साली एड्सवरील वर्षभराची औषधे सुमारे 350 डॉलरमध्ये देऊ केली. पाश्चात्त्य कंपन्यांचा दर 10,000 डॉलरहून अधिक होता. आफ्रिकेतील गरिबांचा जीव कोणाच्या नफ्यासाठी जात होता, हे त्यावरून उघड झाले. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी 2005 मध्ये आपण तो कायदा बदलला आणि औषधावरील पेटंट परत आले.

तथापि सारा दोष परक्यांच्या माथी मारून चालणार नाही. बंधन गेले म्हणून विद्या आपोआप वाढत नाही. 1960 मध्ये दक्षिण कोरियाही गरीब देशांतच गणला जाई. आज तो देशांतर्गत उत्पन्नाच्या सुमारे 5 टक्के रक्कम संशोधनावर खर्च करतो. आपला खर्च 2020-21 मध्ये 0.64 टक्के होता. रसायनीचा जुना कारखाना स्वस्त आयातीपुढे टिकला नाही. 2017 मध्ये केंद्र सरकारने तेथील तोट्यातील विभाग बंद करण्याचे ठरविले. वगळला तो अग्निबाणांना लागणारे रसायन बनविणारा विभाग. तो इस्रोकडे सोपविण्याचा निर्णय झाला. शासनाला निकड भासली तेथे विद्या जपली गेली. कामगारांच्या पोटासाठी ती निकड कोणाला भासली नाही.

संशोधन हा शास्त्रज्ञांचा विषय आणि वेतनवाढ आपला, ही वाटणी चळवळीने आता सोडली पाहिजे. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले ज्ञान सार्वजनिकच राहावे, ही आपली मागणी असावी. कारखाना संशोधनावर किती खर्च करतो, याचा हिशेबही कामगार संघटनेने बोनसइतक्याच हक्काने मागावा. तंत्र जुने झाले की पहिली कुऱ्हाड मजुरीवर पडते, हे रसायनीच्या कामगाराला कोणी शिकवावे लागत नाही.