अधिवेशन जुलैत उठते, पीक सप्टेंबरात वाहून जाते

विधानसभा म्हटली की खेड्यात दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक मतदानाचा दिवस, दुसरी टीव्हीवरची आरडाओरड. मधली पाच वर्षे हे 288 जणांचे सभागृह करते काय, हे पारावर विचारून पाहा. कुणी म्हणेल भांडतात, कुणी म्हणेल भत्ते उचलतात. सगळेच काही खोटे नाही. पण आपल्या बांधावरचा पैसा ज्या दारातून येतो ते दार हेच, आणि ते कधी उघडे असते नि कधी बंद, याचा हिशेब शेतकऱ्याने ठेवायला पाहिजे.

2025 सालचेच घ्या. पावसाळी अधिवेशन 30 जूनला मुंबईत भरले आणि 18 जुलैला उठले. तेव्हा आपल्याकडे कोळपण्या चालल्या होत्या. पुढे सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांनी पात्र सोडले, उभे सोयाबीन कुजले, कित्येकांची जमीनच खरवडून गेली. ऑक्टोबरात सरकारने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. पण सभागृह बसले ते थेट 8 डिसेंबरला, नागपुरात. आणि 14 तारखेला उठलेसुद्धा! मधले साडेचार महिन्यांहून अधिक दिवस विधानसभेला कुलूप. शेतकऱ्याचे वर्षातले सगळ्यात नाजूक दिवस नेमके हेच असतात. खरीप हाताशी येतो तो याच काळात, नाहीतर जातो तोही याच काळात.

कायद्याने यात कुणाचे चुकले नाही. राज्यघटना एवढेच सांगते की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये. नाव पावसाळी असले म्हणून पावसाने त्याच तारखा पाळाव्यात असे थोडेच आहे? पण पॅकेजमधला नवा पैसा किती, जुन्याच योजनांचा किती, खरवडलेल्या जमिनीला हेक्टरी किती मिळणार, विहीर बुजली त्याचे काय, हे मंत्र्याला उभे करून विचारायची जागा एकच. तिथे विचारलेले नोंदले जाते, दिलेले उत्तर छापले जाते. पत्रकार परिषदेतला शब्द वाऱ्यावर जातो.

मग मधेच सभागृह बोलावता येत नाही का? येते की. मराठा आरक्षणाच्या विधेयकासाठी 20 फेब्रुवारी 2024 ला एका दिवसाचे विशेष अधिवेशन भरले होते. प्रश्न मोठा होता, म्हणून भरले. त्यात गैर काही नाही. पण निम्म्या मराठवाड्याच्या शेतात गुडघाभर पाणी असताना सप्टेंबरअखेर दोन दिवस सभागृह बसले असते, तर कुणाचे काय बिघडले असते? माझे स्पष्ट मत आहे की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खरिपाच्या आढाव्यासाठी दरवर्षी दोन-तीन दिवसांची बैठक ठरूनच टाकावी. अतिवृष्टी झाली तर नुकसानीवर बोला. नाही झाली तर हमीभाव आणि खरेदी केंद्रांवर बोला. विषयाला तोटा नाही.

आता पैशाचे. विधान परिषदेत चर्चा होते, पण खर्चाच्या मागण्यांवर मत देण्याचा अधिकार फक्त विधानसभेला. राज्याचे 2025-26 चे अंदाजपत्रक सात लाख कोटींच्या घरातले. आणि आपण आमदाराकडे काय मागतो? सभामंडप, हायमास्ट दिवा, पेव्हर ब्लॉक. हे येते आमदार फंडातून, वर्षाला 5 कोटी. सगळ्या 288 जणांचा फंड एकत्र केला तरी 1,440 कोटी होतात, म्हणजे शंभर रुपयांतले वीस पैसे. त्या वीस पैशांच्या उद्घाटनाला आपण हलगी लावतो. उरलेल्या नव्व्याण्णव रुपये ऐंशी पैशांच्या मागण्या मंजूर होत असताना आपला आमदार बाकावर होता की लग्नात, हे कुणी विचारत नाही. लग्नात आला नाही तर मात्र रुसतो! सभागृह चालायला एक दशांश सभासद पुरतात. 288 चे 29. तेवढे जमेपर्यंत घंटा वाजवत बसावे लागते, अशी वेळ येते ती काही उगाच नाही.

आमदाराच्या हातातले खरे हत्यार म्हणजे तारांकित प्रश्न. त्याचा साचा ठरलेला असतो : अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास चौकशी केली काय? नसल्यास विलंबाची कारणे काय? उत्तरांचाही साचा आहे. “अंशतः खरे आहे” आणि “प्रश्न उद्भवत नाही”. ही दोन वाक्ये काढली तर निम्मी उत्तरे कोरीच राहतील. पण याला एकटे मंत्रीच जबाबदार नाहीत. प्रश्न मंत्रालयातून जिल्हाधिकाऱ्याकडे, तिथून तहसीलला, पंचायत समितीला आणि शेवटी गावच्या भाऊसाहेबांच्या टेबलावर येतो. वर शिक्का ‘एलएक्यू, अत्यंत तातडीचे’. संध्याकाळपर्यंत माहिती हवी. भाऊसाहेब बिचारे तीन सजांचा कारभार बघणारे, ते लिहितात ‘निरंक’. ते ‘निरंक’ चार कचेऱ्या चढून मंत्र्याच्या तोंडी जाते आणि सभागृहात सत्य होऊन बसते. तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींना (2024 पासून कागदोपत्री त्यांची नावे ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी झाली) म्हणूनच सांगणे आहे. तुमची एक ओळ कुठवर जाते याचा अंदाज घ्या. बारा घरांचे पंचनामे राहिले असतील तर बारा लिहा. वरचे साहेब रागावतील, पण तुमचा कागद खरा राहील.

पंचायत राज समिती जिल्ह्यात आली की शाळेला रंग लागतो आणि दप्तर एका रात्रीत पूर्ण होते, हे सगळ्यांनाच ठाऊक. त्यावर जास्त काय लिहायचे!

याच विधिमंडळाने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क देशात आधी इथे कायद्याने मिळाला. केंद्राला तसा कायदा करायला 2005 उजाडले. शहरातल्या नोकरदारावर व्यवसाय कर बसवून दुष्काळी गावातल्या मजुराला काम देण्याचा तो हिशेब होता, आणि त्याला दोन्ही सभागृहांनी मान्यता दिली होती. विरोधी बाकावरच्यांनी तेव्हा हजेरीपत्रके आणि खडी फोडण्याचे दर घेऊन सभागृह हलवले. आज विरोधी बाक तोकडा आहे. 2024 च्या निकालात एकाही विरोधी पक्षाला एक दशांश म्हणजे 29 जागा मिळाल्या नाहीत. अशा वेळी सत्ताधारी आमदारांनीच प्रश्न विचारायला हवेत. त्यांना कुणी बंदी केलेली नाही.

ते विचारतील, पण त्यांच्या हातात कागद द्यावा लागेल. “साहेब, आमचं बघा” असे सांगून प्रश्न तयार होत नाही. गट नंबर, पंचनाम्याची तारीख, अर्जाची पोच, बँकेत किती आले आणि किती यायचे होते, एवढे एका पानावर लिहा. अधिवेशनाचे प्रश्न कितीतरी आठवडे आधी द्यावे लागतात. पावसाळी अधिवेशनात आपल्या गावाचा प्रश्न यायचा असेल, तर 1 मेच्या ग्रामसभेत ठराव करून तो त्याच आठवड्यात आमदारसाहेबांच्या कचेरीत पोचवा आणि पोच घ्या.